सासूबाईंना डिमेन्शिया झालाय, आम्ही दोघंही नोकरीला; घरी कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कोल्हापुरात शिवाजी पेठेत घर, सासूबाई पंच्याहत्तरीच्या, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय. संध्याकाळ झाली की 'मला घरी सोडा' म्हणत दाराशी जातात. 'सुनेनं माझ्या पाटल्या घेतल्या' असं येईल त्याला सांगतात. रात्रीची झोप नाही. आणि शेवटी एक ओळ: 'गल्लीत अजून कुणाला कळू दिलेलं नाही.' मी त्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमचा निम्मा त्रास तिथनंच येतोय.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. त्यांनाही डिमेन्शिया झाला होता. आजार कळल्यापासून शेवटपर्यंत मंगळवार पेठेतल्या घरीच मी आणि बायकोनं त्यांना सांभाळलं. मी डॉक्टर नाही. पण घर कसं चालवायचं ते बऱ्यापैकी माहीत झालंय.

तर पहिलं काम, सांगून टाका. 'म्हातारचळ लागलाय' असं लोक म्हणतील ही भीती असते. अहो, गल्लीला तुमच्या आधी कळलेलं असतं. दुधाचे पैसे दोनदा कोण देतंय, भाजीवालीशी कोण उगाच भांडतंय, हे सगळं दिसत असतं; फक्त तुम्ही बोलत नाही म्हणून तेही बोलत नाहीत. शेजारीण, कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षा स्टॉपवरची माणसं, तालमीतली पोरं, सगळ्यांना एकच वाक्य सांगा: 'आईंना मेंदूचा विसरण्याचा आजार आहे, एकट्या दिसल्या तर गोड बोलून बसवून ठेवा आणि मला फोन करा.' आमच्या तालमीतली पोरं आबा दिसले की 'या आबा, चहा घ्या' म्हणून कट्ट्यावर बसवायची आणि मला मिस्ड कॉल द्यायची. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ही सोय पैसे देऊन मिळत नाही. पेठेत राहून ती वापरायची नाही म्हणजे काय!

नातेवाइकांना तर आणखी लवकर सांगा, विशेषतः नणंदेला. या आजारात एक विचित्र गोष्ट होते. पाहुणे आले की माणूस तासभर अगदी शहाण्यासारखं बोलतं. 'बस गं, चहा घे, पोरं काय म्हणतात?' नणंद घरी जाऊन म्हणणार, आईला काही झालेलं नाही, वहिनीच वाढवून सांगते. त्यात पाटल्यांचा विषय फोनवर गेला की झालंच. म्हणून डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला नणंदेला सोबत न्या, त्यांच्या तोंडून ऐकू दे. आणि दोन-तीन रात्री आईजवळ राहायला बोलवा. तासाभराच्या भेटीत जे लपतं ते रात्री दोन वाजता दिसतं.

आता पाटल्या. आरोप सुनेवरच का? कारण घरात सगळ्यात जास्त डोळ्यासमोर तीच असते. आपण वस्तू कुठं ठेवली ते त्यांना आठवत नाही, आणि 'मी विसरले' हेही आठवत नाही. मग वस्तू गेली म्हणजे कुणीतरी नेली, एवढाच अर्थ त्यांच्यापुरता उरतो. तुम्ही 'मी नाही घेतल्या' म्हणून शपथा घातल्या तर वाद वाढतो, आणि अर्ध्या तासानं वाद विसरला जातो पण राग राहतो. त्यापेक्षा 'अगंबाई, पाटल्या सापडेनात? चला, शोधू' म्हणा आणि खरंच सोबत शोधा. ठेवायच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देव्हाऱ्यामागं, जुन्या साडीच्या घडीत. खरं सोनं आजच लॉकरला टाका, नणंदेच्या समोर, वजन लिहून. त्यांच्या हातात तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅमच्या, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या, पाटल्या घाला, एक जोड जादा आणून ठेवा. याला फसवणूक म्हणणारे भेटतील; मी म्हणत नाही. हात मोकळे दिसले की ज्या बाईला रडू येतं, तिला हातात पाटल्या हव्यात, पावती नको. आणि घंटागाडीत कचरा टाकण्याआधी डबा एकदा चाळत जा. आबांची कवळी तिथं मिळाली होती.

संध्याकाळचं 'घरी जायचं' हे बहुतेकांकडे असतं. दिवस मावळायला लागला की घालमेल वाढते. थकवा, कमी उजेड, लांबलेल्या सावल्या. दिवेलागणीच्या आधीच सोप्यातला मोठा दिवा लावा. आरशात किंवा काळोख्या काचेत स्वतःचंच रूप पाहून 'ही कोण आलीय' म्हणत असतील तर त्यावर पडदा टाका. 'हेच तुमचं घर आहे' हे सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्या मनातलं घर बहुधा माहेरचं असतं. 'तुमच्या घरी विहीर होती का हो? आंब्याचं झाड?' असं विचारा, बोलू द्या. हातात काम द्या: शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा, मेथी निवडायची. निवडलेली मेथी नंतर परत निवडावी लागली तरी चालतं. काहीच जमलं नाही तर चप्पल घालून गल्लीतून एक चक्कर मारा आणि 'आलं घर' म्हणत आत या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

चुकल्या तर? ब्लाउजच्या आत किंवा पदराच्या टोकाला फोन नंबर शिवून ठेवा. पत्ता नको, नंबर पुरे. रोज सकाळी मोबाईलवर एक फोटो काढा, म्हणजे आज कुठली साडी आहे ते सांगता येतं. सापडेनात तर '२४ तास थांबा' वगैरे कुणाचं ऐकू नका, लगेच ११२ ला फोन करा. पाण्याच्या जागा आधी बघा, तुमच्या बाजूला म्हणजे रंकाळा आणि पंचगंगेचा घाट. मग जुन्या वाटा: अंबाबाईचं देऊळ, जुनी शाळा, माहेरच्या गावची गाडी लागते तो एसटी स्टँड. दाराला कडी नेहमीच्या उंचीवर न ठेवता खूप वर किंवा तळाला बसवा. ती सहसा त्यांच्या लक्षात येत नाही. पण माणसाला एकटं आत ठेवून बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जाऊ नका. गॅस आहे, वीज आहे.

जाता जाता पुराचं. २०१९ आणि २०२१ ला शहरानं काय बघितलंय ते सांगायला नको. तुमच्याकडे पाणी येत नसेल, पण नणंद किंवा दीर नदीच्या बाजूला असतील आणि आई तिकडं राहायला जाणार असतील तर लक्षात ठेवा: अशा माणसाला रात्री घाईनं होडीत बसवणं फार वाईट. इशारा आला की दिवसाउजेडीच हलवायचं, त्यांची नेहमीची उशी-वाकळ आणि औषधांची पिशवी घेऊन.

दवाखान्याचं तुम्ही फार लिहिलं नाही, म्हणून विचारतो: बी १२, थायरॉईड, सोडियम तपासलंय का? डोक्याचा सीटी किंवा एमआरआय? ही कारणं सापडली तर उपाय असतो. मनाची उदासी, कमी ऐकू येणं, मोतीबिंदू यानंही माणूस भ्रमिष्ट वाटतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता, सर्दीच्या, झोपेच्या, लघवीच्या गोळ्यांसकट; यातल्या काही गोंधळ वाढवतात. न्यूरोलॉजिस्टची फी जड जात असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. डोनेपेझिल, मेमँटिन ही औषधं काहींना काही काळ थोडी उपयोगी पडतात, आजार बरा करत नाहीत. 'महिन्यात स्मरणशक्ती परत' म्हणणाऱ्या कुठल्याही डबीवर पैसे घालू नका. देवर्ष्याकडे नेणाऱ्यांशी भांडू नका. अंगारा लावू दे, गोळी मात्र चुकायला नको.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आजार हळूहळू वाढतो. काल बरी असलेली बाई आज अचानक ओळख विसरली, भलतंच बरळायला लागली किंवा नुसती गुंगीत पडून राहिली, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, पडून डोक्याला मार लागणं, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना.

झोपेसाठी आधी दिवस दुरुस्त करा: सकाळचं ऊन, थोडं चालणं, दुपारची झोप आवरती, चारनंतर चहा बंद, संडासच्या वाटेवर रात्रभर बारका दिवा. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं नाही. तोल जाऊन खुबा मोडला तर सगळंच अवघड होतं. नसलेली माणसं दिसत असतील आणि हातपाय ताठ झाले असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. डिमेन्शियाच्या एका प्रकारात शांत करण्याची काही औषधं फार घातक ठरतात.

आंघोळीला डोक्यावर एकदम तांब्या ओतू नका, पायापासून सुरू करा, बसायला स्टूल द्या; नको म्हणाल्या तर अंग पुसून घ्या, रोज आंघोळ झालीच पाहिजे असं काही नाही. जेवणाचं म्हणाल तर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर उगाच मऊ भात आणि मुगाच्या वरणावर आणून ठेवू नका. खाण्याची आवड लगेच जात नाही. आबांना नाव आठवायचं नाही, पण पांढरा रस्सा पातळ झाला की वाटी बाजूला सरकवायचे. हाडं काढून, बारीक तुकडे करून, ताठ बसवून द्या. गिळताना ठसका लागायला लागला की मात्र डॉक्टरांना विचारा.

पैशाचं आणि कागदाचं काम वेळ आहे तोवर करा. बरेचजण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. ते चूक आहे: करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, म्हणजे गरज लागते तेव्हाच निरुपयोगी. आत्ता त्यांना व्यवहार कळत असेल तर खातं संयुक्त करा, वारसनोंदी तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर 'समज आहे' असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घ्या. आणि हे सगळं भावंडांच्या समोर. क्षमता गेल्यावर त्यांच्या नावची जागा किंवा ठेव हलवायची तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाल्यानं त्यासाठी मुंबई गाठायला नको, एवढाच दिलासा. सासऱ्यांची फॅमिली पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो, बँकेच्या रांगेत उभं करू नका. जुन्या करप्रणालीत असाल तर डिमेन्शियाच्या खर्चावर ज्येष्ठ रुग्णासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते. त्याला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असल्याचा तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला लागतो, तुमच्या सी.ए.ना विचारा.

आता तुमचं स्वतःचं. दोघांची नोकरी आणि हे, असं एकट्या सुनेच्या जिवावर चालणार नाही. नवऱ्याला वाटून घ्यायला लावा, 'मदत करतो' असं नको, ठरलेलं काम: रात्र त्यांची, सकाळ तुमची. मुलगा आईला संडासला कसा नेणार, असं कुणी म्हणेल. मी वडिलांचं सगळं केलंय, आईचंही होतं, संकोच चार दिवसांत जातो. बाहेरगावचे दीर पैसे पाठवतात ते ठीक, पण वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस येऊन राहू देत. दिवसा मावशी लावणार असाल तर पहिला आठवडा कुणीतरी घरी थांबा, आणि आईंना 'तुम्हाला बघायला बाई ठेवलीय' असं सांगू नका. 'स्वयंपाकाला मदतीला आल्यात' म्हणा. मावशीला आठवड्याची सुट्टी द्या, नाहीतर ती महिन्यात जाईल. तुम्हालाही एक वार मोकळा हवा. रडू येत असेल, हात उगारावासा वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. दोन्ही फुकट.

आणि संस्थेत ठेवायची वेळ आली तर ती वेळ आली, त्यात आईला टाकलं असं काही नाही. बरेच वृद्धाश्रम डिमेन्शिया ऐकल्यावर नाही म्हणतात, म्हणून फोनवरच स्पष्ट विचारा. बघायला जाताना न सांगता, जेवणाच्या वेळेला जा. रात्री किती माणसं कामावर असतात, कुणाला बांधून ठेवतात का, अंथरुणात पडून जखमा झालेले किती, हे विचारा आणि वास घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ केली की तिथनं निघा.

आणखी काही अडलं तर इथंच लिहा, वेळ मिळेल तसं सांगतो. फक्त गोळ्यांचे डोस मला विचारू नका.