वाचक विचारतात : ऐकत नाही, की त्याला जमत नाही?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. १४ महिन्यांचा असताना आम्ही त्याला दत्तक घेतलं. फार लाघवी, कुणाच्याही गळ्यात पडतो. पण काल पाठ झालेलं आज आठवत नाही. शाळेतून रोज तक्रार : जागेवर बसत नाही, दुसऱ्याचं खोडरबर उचलतो आणि विचारलं की भलतंच सांगतो. एका दवाखान्यात चंचलपणावर गोळ्या सुरू केल्या, थोडा फरक पडला. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘याची जन्मदात्री दारू घेत होती का?’ घरी येऊन संस्थेची फाईल काढली. त्यात एक ओळ होती, ‘मातेस मद्याचे व्यसन’. इतकी वर्षं ती ओळ आमच्याच कपाटात होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एफएएसडी?’ असं लिहून दिलंय. मराठीत कुठे माहिती सापडत नाही. सासूबाई म्हणतात, रक्तच तसलं. हे बरं होतं का? कुणाकडे जाऊ?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण तेच तुम्हाला जास्त लागलंय असं वाटतं. रक्ताचा यात काही संबंध नाही. गरोदर बाईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या अंगात जाते. ती पचवायची ताकद बाळाच्या यकृतात नसते आणि नेमका त्याच वेळी मेंदू घडत असतो. त्याला इजा होते. ही पोटात असताना झालेली दुखापत आहे, खानदानी दोष नव्हे. फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजेच चिठ्ठीवरचं एफएएसडी, हे त्या दुखापतीचं नाव. सासूबाईंना हे शांतपणे, हवं तर दोनदा सांगा. त्यांनी नातवाकडे कसं बघायचं ते यावर ठरणार आहे.

इजा झालेला भाग औषधाने पूर्ववत होत नाही. ‘मेंदू तल्लख करणारं’ म्हणून कुणी काढा, टॉनिक विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. पण मूल शिकतं, रुळतं, मोठं होतं. मात्र आपण आपली शिकवायची पद्धत बदलावी लागते. हे मी कुठे वाचून सांगत नाही.

सोलापुरात विशेष शिक्षिका म्हणून २८ वर्षं काम केलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे ९ वर्षांची एक मुलगी होती. मंगळवारी सातचा पाढा घडाघडा म्हटला, बुधवारी ‘सात एके’च्या पुढे गाडी जाईना. ‘नाटकं करतेस’ म्हणून मी तिला ओरडले. ‘दप्तर आवर’ म्हटलं की नुसती उभी राहायची. एक दिवस सहज म्हटलं, ‘डबा आत.’ तिने ठेवला. ‘वही आत.’ ठेवली. ‘चेन लाव.’ लावली. ‘आवर’ या एका शब्दात पाच कामं आहेत, हे तिला उलगडतच नव्हतं. मग दप्तराच्या झाकणाला आतून डबा, वही, बाटलीची चित्रं चिकटवली. महिन्याभरात ती बघून बघून भरायला लागली. तिची आई रोज न्यायला यायची. एकदा व्हरांड्यात माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, मीच केलं का ओ हे?’ नवऱ्याबरोबर तिलाही प्यायला लागायचं. दिवस गेल्यावर लोहाच्या गोळ्या सगळ्यांनी दिल्या, दारूचं कुणी विचारलंही नाही.

तुमचा मुलगा ‘भलतंच सांगतो’, त्यातही बहुतेक वेळा खोटेपणा नसतो. आठवणीत भोक पडलेलं असतं, ते तो सापडेल त्याने भरतो आणि स्वतःलाही ते खरं वाटतं. ‘का घेतलंस?’ असं विचारत बसू नका. ‘हे खोडरबर अमक्याचं. चल, देऊन येऊ.’ एवढंच. शिक्षेतून तो शिकत नाही, कारण कालची चूक आणि आजची शिक्षा यांची गाठ त्याच्या डोक्यात बसत नाही. वागण्यात तो वयापेक्षा दोन-तीन वर्षं लहान आहे असं धरून चाला.

आता कुठे जायचं ते. एफएएसडीची पाटी लावलेलं दार आपल्याकडे शोधत बसलात तर वर्षं जातील. दुसऱ्या पाट्यांची दारं ठोठावा, पण एफएएसडी हे नाव हातातल्या फाईलवर ठेवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं का, आधी विचारा. मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र आहे. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तो ० ते १८ वयोगटासाठी आहे आणि उपचार मोफत असतात. शाळेत तपासणीला येणारं पथकही याच कार्यक्रमाचं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेता येते. मुंबईला जाणं जमलं तर ‘उम्मीद’ ही बालविकास संस्था आणि नवी मुंबईत बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे.

निदान रक्ताच्या एका तपासणीतून होत नाही. डोळ्यांच्या फटी आखूड, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, अशा खुणा डॉक्टर बघतात. पण बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर त्या नसतातच, म्हणून चेहरा चारचौघांसारखा आहे यावर कुणी तुम्हाला परत पाठवू नये. तुमच्याजवळची ‘मातेस मद्याचे व्यसन’ ही ओळ इथे सोन्यासारखी आहे. तिची झेरॉक्स फाईलला सर्वांत वर लावा. दत्तक देणाऱ्या संस्थेकडे बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल लेखी मागा. ऐकू येणं, नजर, हृदय हेही तपासून घ्या. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

एका गोष्टीचा मला अजून राग येतो. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हे नाव नाही. प्रमाणपत्र बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता याखाली मागावं लागतं, आणि यातल्या बऱ्याच मुलांचा बुद्ध्यांक ७०च्या, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या रेषेच्या, वर येतो. मग ‘मूल ठीक आहे’ म्हणून बोळवण होते. ठीक नसतं. बुद्ध्यांक बरा असूनही त्याला दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येत नाहीत. म्हणून नुसत्या बुद्ध्यांकावर थांबू नका, रोजच्या व्यवहाराची व्हाइनलँड चाचणीही करा असा आग्रह धरा. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतच्या आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो.

वाचायला चांगलं साहित्य इंग्रजीत आहे : ब्रिटनची नॅशनल एफएएसडी, कॅनडाची कॅनएफएएसडी, अमेरिकेची एफएएसडी युनायटेड. घरातल्या कुणा कॉलेजच्या मुलीला बसवा आणि घरात नि वर्गात कसं वागायचं तेवढंच मराठीत उतरवून घ्या. त्यांचे कायदे, सवलती आपल्याला लागू नाहीत, ती पानं सोडून द्या. आणि तुम्हाला स्वतःला रात्री झोप लागत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

मुलगा पुढे विचारेल, ‘मला असं का होतं?’ तेव्हा त्याच्या जन्मदात्रीला दोष देऊ नका. तिला कुणी सांगितलं होतं का, तिला थांबायला कुणी हात दिला का, आपल्याला माहीत नाही. ‘तू पोटात असताना तुझ्या मेंदूला लागलं, म्हणून तुला काही गोष्टींना जास्त वेळ लागतो,’ एवढं पुरे.

हे सगळं होईपर्यंत एक काम या आठवड्यात करा. शाळेतल्या बाईंसाठी एका पानावर मोठ्या अक्षरात लिहा : एका वेळी एकच सूचना द्या. फळ्यावर किंवा चित्राने दाखवा. पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. गोंगाट वाढला की पाणी आणायला पाठवा. विसरला तर पुन्हा सांगा, तो मुद्दाम करत नाही. खाली तुमचा फोन नंबर. हे पान आत्ताच्या बाईंना द्या. जूनमध्ये चौथीला नवे वर्गशिक्षक येतील. त्यांनाही शाळा भरायच्या आधी, मुलाला सोबत न नेता, दहा मिनिटं भेटून त्यांच्या हातात द्या.