नववी-दहावीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय?

मॅडम, पहिल्या वर्षी फार काही करायला जाऊ नका. एवढं सांभाळा.

१. जूनच्या शेवटी शाळा उघडली की दिवाळीच्या आत प्रत्येक पोराच्या घरी एकदा जाऊन या. तक्रार घेऊन नाही, नुसतं चहाला. मी हे केलं नाही. दिवाळीनंतर एक पोरगी आठ-आठ दिवस दिसायची नाही. आळशी म्हणून तिला वर्गात उभं केलं. मग घरी गेलो, तर आजी म्हणाली, "सर, ते त वेचनीले गेली." पोरगी परतली तेव्हा कापसाच्या बोंडांनी बोटं ओरखडलेली, आणि त्याच बोटांनी रात्री सोडवलेली गणितं वहीत होती.

२. "आईबाप अडाणी, पोर काय शिकणार" हे स्टाफरूममधलं वाक्य कानाआड करा. घरात पुस्तक नसणं वेगळं, ओढ नसणं वेगळं. पालकसभेत मार्कांचा पाढा वाचू नका. संध्याकाळचा एक तास पोराला कामातून मोकळं ठेवा, इतकंच मागा.

३. "कलेक्टर व्हा" ही भाषणं तर नकोतच. शनिवारपर्यंत जमेल एवढं काम द्या, जमलं की वहीवर दोन शब्द लिहा. ती वही घरी दाखवली जाते.

आणि हो, आठवीच्या वर्गशिक्षकांना एनएमएमएस परीक्षेची (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठी आठवीत होणारी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) आठवण करत राहा. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

निकालाचे तक्ते वगैरे पुढच्या वर्षी बघू.