घरकुलाची तपासणी पास झाली म्हणजे वावधनात टिनं उडणार नाहीत का?

नाही भाऊ, घरकुलाचे इंजिनिअर काम कुठवर आलं ते बघून जिओटॅग फोटो (जागेची नोंद असलेले) काढतात, हप्ता त्यावर सुटतो, टिनं किती घट्ट बसली ते कोणी ओढून बघत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर नियम लय कडक झाले, तिथं छपराची कैची (छप्पर पेलणारा तिकोनी सांगाडा) भिंतीला लोखंडी पट्टीनं बांधली का हे आतून झाकायच्या आधीच तपासतात. आपल्याकडे मिस्त्रीच्या मागं उभं राहून स्वतःच बघा. भिंतीवर टिनांखालचा पाईप ठेवून वर दोन विटा रचतात ना, ते बिलकुल चालू देऊ नका, वरच्या बीममधूनच सळीचं टोक सोडायला लावा अन पाईप त्याला वेल्ड करा. कडेच्या ओळीला जे-हुक (टिन पाईपाला धरून ठेवणारे वाकडे हुक) जवळजवळ मारायचे, वारा पहिले कडाच उचलतो.