एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) फॉर्म हरवलेल्या महागड्या खेळाडूचा करार बायआउट केला तर संघाची कॅप खरंच वाचते का?

कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, आणि बायआउट म्हणजे ठरावीक रक्कम देऊन करार मुदतीआधीच संपवणं. सुरुवातीची वर्षं ती वाचते. पण तो भार पुढच्या वर्षांच्या बोकांडी बसतो. मी मिनेसोटा वाइल्डचा चाहता आहे, त्यामुळे हे प्रकरण आम्ही चांगलंच भोगलंय.

तुमचं म्हणणं असं की विंगर (कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू) वर्षाला ६० लाख डॉलर घेतो, अजून दोन सीझन बाकी आहेत आणि गोल तर होत नाहीत. मग त्याला मोकळं करून ते ६० लाख दुसऱ्या कुणावर का लावू नयेत? कारण ६० लाख सुटतच नाहीत. आयपीएल बघून बघून आपली इथे गल्लत होते. कोलकात्याने वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटींना घेतलं, पुढच्या लिलावाआधी सोडलं आणि सगळी रक्कम पर्समध्ये परत आली. एनएचएलचा करार असा झटकून टाकता येत नाही.

नियम असा आहे: खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश द्यायचा, त्याहून लहान असेल तर एक तृतीयांश. हे पैसे उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात वाटून द्यायचे. तुमच्या विंगरचे १ कोटी २० लाख उरलेत आणि तो तिशीचा आहे असं धरू. म्हणजे ८० लाख, चार वर्षांत, दरवर्षी २० लाख. पहिली दोन वर्षं कॅपवर ४०-४० लाख मोकळे होतील, नंतरची दोन वर्षं २०-२० लाख अंगावर पडतील. शिवाय त्याच्या जागी कुणीतरी खेळवावं लागणारच, आणि २०२५-२६चा किमान पगारच ७ लाख ७५ हजार आहे.

पण हे झालं सरळ कराराचं. खरी मेख साइनिंग बोनसमध्ये असते, म्हणजे करारात मूळ पगारापेक्षा वेगळ्या ठरलेल्या रकमेत. बोनसला बायआउट लागू होत नाही, तो पूर्ण द्यावाच लागतो आणि कॅपवरही राहतो. वर्षाच्या ६० लाखांपैकी ५० लाख बोनस असेल, तर त्या दोन वर्षांत दरवर्षी जेमतेम पावणेसात लाख सुटतात. एवढ्यासाठी कोण बायआउट करेल? म्हणून करार बघताना सरासरीवर जाऊ नका, वर्षनिहाय मूळ पगार बघा.

आता आमची कथा. वाइल्डने २०१२ साली झॅक परीझे आणि रायन सूटर या दोघांना प्रत्येकी १३ वर्षं, ९ कोटी ८० लाखांवर आणलं. कॅप हिट, म्हणजे कराराची सरासरी काढून दरवर्षी कॅपमध्ये धरली जाणारी रक्कम, प्रत्येकी सुमारे ७५ लाख. पगार सुरुवातीला भरमसाट, शेवटी नाममात्र. जुलै २०२१ मध्ये जनरल मॅनेजर बिल गेरिनने दोघांनाही एकदम बायआउट केलं. पहिल्या वर्षी एक कोटीच्या वर कॅप सुटली, आम्ही खूश. सिअ‍ॅटलच्या एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये (नवा संघ बाकीच्या संघांनी न राखलेल्यांतून खेळाडू उचलतो तेव्हा) दोन जास्तीचे खेळाडू राखता आले, हाही फायदाच. पण शेवटच्या दोन वर्षांत दोघांचे पगारच प्रत्येकी १० लाख होते. त्यात वाचून काय वाचणार? कॅपवर ७५ लाखांच्या जागी ७३ लाख ७२ हजार! २०२३-२४ मध्ये ८ कोटी ३५ लाखांच्या कॅपपैकी १ कोटी ४७ लाख आमच्याकडे नसलेल्या माणसांवर गेले. त्याआधीच, २०२२ च्या उन्हाळ्यात, ८५ गुणांचा सीझन खेळलेला केव्हिन फियाला लॉस एंजेलिसला द्यावा लागला होता. (बदल्यात आलेला ब्रॉक फेबर हिरा निघाला, ते नशीब.) सूटर गेला डॅलसला, म्हणजे आमच्याच डिव्हिजनमध्ये. २०२३ च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत डॅलसने आम्हाला बाहेर काढलं, आणि त्या संघात तो होता. पुढच्या वर्षी डॅलसनेही त्याला बायआउट केलं, हे वेगळंच.

तरीही गेरिन चुकला असं मी म्हणणार नाही. दोघं तसेच ठेवले असते तर वर्षाला दीड कोटी अडकलेच असते. कॅप आता झपाट्याने वाढतेय: २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख, पुढच्या वर्षी १० कोटी ४० लाख. परीझे आणि सूटर मिळून आता २०२८-२९ पर्यंत दरवर्षी साडेसोळा लाखांच्या आसपास उरलेत. एवढे आता खटकतही नाहीत.

तुमच्या विंगरचंही तसंच. बोनस नगण्य असेल आणि संघ याच दोन वर्षांत कप मारायच्या बेतात असेल, तर करा बायआउट. संघ अजून बांधणीत असेल तर मात्र नको, कारण ते २०-२० लाख नेमके पोरं तयार होऊन पगारवाढ मागतील त्याच वर्षी आडवे येतील. त्याआधी ट्रेड करून बघावा. संघाला पगाराचा निम्म्यापर्यंत वाटा स्वतःकडे ठेवता येतो. इथे तो ३० लाख होतो, पण दोनच वर्षं. तिसऱ्या वर्षी पाटी कोरी. घेणाऱ्याला पटवायला एखादा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंतून निवड करायचा हक्क) सोडावा लागेल, तो शक्यतो पहिल्या फेरीचा नको. आणि खेळाडू जखमी असेल तर हा सगळा हिशोब सध्या बाजूला ठेवा, जखमी खेळाडूला बायआउट करताच येत नाही.