खमीर, छाटणी, मजूर अड्डा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: रोजच्या कामात ख्रिस्ती विश्वासाचे धडे कसे शोधावेत, आणि ते ओढूनताणून आणलेले नाहीत हे कसे ओळखावे? आमचा आग्रह असा, की आधी ते काम नीट समजून घ्यावे आणि मग बायबलचे वचन उघडावे. येशूच्या दाखल्यांतली (बोधकथांतली) कामे त्याच्या श्रोत्यांच्या हाताखालून गेलेली होती. आपण मात्र पुष्कळदा दाखला पाठ करतो आणि कामाकडे बघतच नाही.

संडे स्कूलमध्ये खमिराचा दाखला (मत्तय १३:३३) शिकवताना मी यीस्ट घालून मैदा मळून दाखवते. तास संपेपर्यंत काहीच फुगत नाही. मुले हसतात आणि दाखला बाजूला राहतो. काय चुकते?
— एक शिक्षिका, अहिल्यानगर

बहुधा पाणी. यीस्ट साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मरते, आणि घाईत आपण कढत पाणी ओततो. पाण्यात बोट सहज ठेवता आले पाहिजे. दुसरा संशय जुन्या, उघड्या पाकिटावर घ्यावा. अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडे यीस्ट टाकून ठेवा. १० मिनिटांत फेस आला नाही तर पाकीट टाकून द्या.

प्रमाण असे: २५० ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा (सुमारे ३ ग्रॅम) इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, १५० मिली कोमट पाणी. ८-१० मिनिटे मळायचे. मे महिन्यात पीठ पाऊण तासात दुप्पट होते, डिसेंबरच्या सकाळी दीड तासही लागतो. तुमचा वर्ग ४० मिनिटांचा असेल तर ते तिथे फुगणारच नाही. म्हणून तासभर आधी घरी एक गोळा मळून सरळ उभ्या काचेच्या बरणीत ठेवा आणि पिठाच्या पातळीला रबरबँड लावा. दुसऱ्या बरणीत यीस्ट न घातलेला तेवढाच गोळा ठेवा. वर्गात दोन्ही बरण्या शेजारी मांडल्या की पुरे.

आमचे मत विचाराल तर यीस्टपेक्षा विरजण बरे. पहिल्या शतकात यीस्टचे पाकीट नव्हते. खमीर म्हणजे मागच्या वेळच्या मळलेल्या पिठातला राखून ठेवलेला आंबट गोळा, आपण विरजण राखतो तसाच. शनिवारी रात्री मुलांना घरीच दोन वाट्या लावू द्या: एका वाटीत नुसते कोमट दूध, दुसरीत तेच दूध आणि पाव चमचा दही. रविवारी सकाळी फरक त्यांचा त्यांनाच दिसेल. दूध फार गरम असले तर विरजण मरते, गार असले तर लागत नाही, हेही ती स्वतःच शोधून काढतील.

शिकवायचे काय, तर माप. देवाचे राज्य एका बाईने पिठात लपवलेल्या खमिरासारखे आहे, असे दाखला सांगतो, आणि त्या बाईने तीन मापे पीठ घेतले आहे. ते भरते सुमारे ४० लिटर, म्हणजे वजनाने २० किलोच्या आसपास. शंभराहून अधिक माणसे जेवतील एवढे ते पीठ. तुमच्या घरी रोज किती पीठ मळतात, हे मुलांना विचारा. अर्धा किलो, फार तर एक. मग २० किलो सांगा. दाखल्यातला धक्का तिथे आहे: एवढासा गोळा, तो पिठात दिसेनासा होतो आणि सगळे पीठ फुगवतो. एवढा एकच मुद्दा सांगून थांबा. तीन मापे म्हणजे त्रैक्य, बाई म्हणजे मंडळी, अशी फोड करू नका. मुलांना कोडे लक्षात राहते, राज्य राहत नाही.

बारा वर्षांपुढच्या मुलांना मात्र एक अडचण जरूर सांगा. शास्त्रात इतरत्र खमीर बहुधा वाईट अर्थाने येते: वल्हांडण या यहुदी सणाला ते घराबाहेर काढायचे, परूशी या कर्मठ पंथाच्या खमिरापासून सावध राहायचे (मत्तय १६:६), पौलही जुने खमीर काढून टाका म्हणतो (१ करिंथ ५:७). तेच खमीर येशूने देवाच्या राज्यासाठी वापरले. ऐकणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील.

योहान १५ मध्ये येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पिता तिच्या फाट्यांची छाटणी करतो. प्रवचनात नेहमी 'देव दुःख देऊन आपल्याला छाटतो' एवढेच ऐकू येते. बाग करणाऱ्याला ते अपुरे वाटते. शिवाय आमच्याकडे छाटणी वर्षातून दोनदा. हा उतारा नीट कसा वाचावा?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

तुमची शंका रास्त आहे. येशूच्या देशात हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, वेल झोपते आणि मुख्य छाटणी तेव्हा एकदाच होते. उन्हाळ्यात घड धरू लागल्यावर वाढलेले शेंडे काढतात. यशया १८:५ मध्ये फुलोरा संपून फळ धरत असताना कोयत्याने फांद्या कापण्याचा उल्लेख आहे, तो हाच. आपल्याकडे वेल पुरती झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करावी लागते. त्यामुळे नाशिकच्या बागेतले वेळापत्रक उताऱ्यावर जसेच्या तसे बसवू नये. कारण मात्र दोन्हीकडे एकच: न छाटलेली वेल पाने भरपूर देते आणि घड थोडे.

आता तुमच्याच कामातून तीन गोष्टी बघा.

पहिली. खरड छाटणीनंतर पुढच्या हंगामाचा घड काडीवरच्या डोळ्यात (अंकुरात) तयार होतो, साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत काडीवर ऊन पडले पाहिजे. छाटणी लांबली आणि हा काळ ढगाळ हवेत सापडला तर ऑक्टोबरमध्ये घड कमी निघतात किंवा गोळीघड (खुरटे घड) होतात. म्हणजे छाटणीचा हेतू कापणे नसून उजेड आत पोहोचवणे हा आहे. 'देव छाटतो' म्हणणाऱ्याने कात्रीनंतरच्या या दोन महिन्यांबद्दलही बोलायला हवे.

दुसरी. फळछाटणीच्या आधी तुम्ही काडी तपासता, घड कितव्या डोळ्यात आहे ते बघता आणि मगच किती डोळे ठेवायचे ते ठरवता. कोणी जाणता माणूस सगळ्या बागेला एकच माप लावत नाही. तेव्हा 'माझ्यावर अमुक ओढवले, म्हणून तुझ्यावरही तेच छाटणीसाठी ओढवले' हे विधान बागेच्या हिशेबानेही चूक ठरते. उताऱ्यात तर छाटणारा पिताच आहे. शेजारची काडी कात्री हातात घेत नाही.

तिसरी. छाटलेल्या काड्यांचे तुम्ही काय करता? जाळता, नाहीतर बारीक करून बागेतच टाकता. द्राक्षाच्या लाकडाची कोणी खुंटीसुद्धा करत नाही, हे यहेज्केल १५ मध्ये स्वच्छ लिहिले आहे. योहान १५:६ मधले जाळणे त्या पार्श्वभूमीवर वाचा. बाभळीची फांदी तुटली तरी औताला उपयोगी पडते. द्राक्षकाडी वेलीवर असेल तरच तिला किंमत. म्हणून चौथ्या ते दहाव्या वचनांचा सगळा भर 'माझ्यामध्ये राहा' यावर आहे. कात्री दुसऱ्या वचनात येते आणि तिथेच संपते. प्रवचने मात्र दुसऱ्या वचनापाशीच मुक्काम ठोकतात.

जाता जाता: तुमची बाग डॉगरिज या रानटी जातीच्या खुंटावर कलम केलेली असेल तर खाली रानटी मूळ आणि वर थॉमसन ही खाण्याची जात. रोम ११ मध्ये पौल उलटे सांगतो: चांगल्या जैतुनावर रानटी फांदी कलम केली. ते निसर्गाविरुद्ध आहे हे तो स्वतःच म्हणतो (रोम ११:२४), कारण मुद्दा कृपेचा आहे. वडीलधाऱ्यांच्या सभेत कोणी या दोन उताऱ्यांची सरमिसळ केली तर तुम्हीच उठून समजावून सांगा. तिथे तुमच्याइतका जाणकार दुसरा नसेल.

मीठ खारटपणा सोडत नाही. मग 'मिठाचा खारटपणा गेला तर' हे मत्तय ५:१३ मुलांना कसे पटवावे?
— एक पालक, वसई

शुद्ध मीठ सोडत नाही, बरोबर. त्या काळचे मृत समुद्राच्या काठचे मीठ मात्र जिप्सम आणि इतर क्षार मिसळलेले असे. ओल लागली की मीठ विरघळून निघून जाई आणि मागे पांढरा बेचव चुरा राही. घरी करून बघा: दोन चमचे मीठ आणि दोन चमचे खडूची पूड एकत्र करा (फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचाच असतो), जुन्या सुती कापडावर ठेवा आणि हळूहळू दोन पेले पाणी ओता. खालचे पाणी खारट होते. कापडावर राहते ते दिसायला मिठासारखे, पण मीठ नव्हे. खडूचा चुरा कोणाला चाखू देऊ नका.

मी आयटीत आहे. शेत नाही, घरी चूल नाही. सकाळी बस, रात्री बस. मला रोजच्या जगण्यात काय सापडणार?
— एक वाचक, पुणे

बसच्या खिडकीतून मजूर अड्डा दिसत असेल. मत्तय २० मधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला तिथेच घडतो. मळ्याचा मालक मजूर आणायला पहाटे जातो, मग ९, १२ आणि ३ वाजता, आणि शेवटी संध्याकाळी ५ ला. ठरलेली मजुरी एक दिनार, म्हणजे एका दिवसाचा रोज. तो फक्त पहाटेच्या मजुरांशी ठरलेला आहे. त्यांच्यानंतरचे 'योग्य ते देईन' एवढ्या शब्दावर गेले. एखाद्या दिवशी ११ च्या सुमारास तिथून जाल तेव्हा कोण उरले आहे ते बघा: वय झालेले, हत्यार नसलेले, कडेवर मूल असलेली बाई. पाच वाजता 'आम्हाला कोणी कामावर लावले नाही' म्हणणारे आळशी नव्हते, हे तिथे उभे राहिल्यावर टीकाग्रंथाशिवाय कळते. यातून निघणारे काम लहान आहे. अनुवाद २४:१५ प्रमाणे मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यायची. घरकामाच्या ताईंचा पगार ठरल्या तारखेला, सुट्टे पैसे तयार ठेवून द्या.

रात्रीच्या बससाठी सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांची आत्मपरीक्षणाची पद्धत घ्या. त्यांच्या साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. त्यातल्या पायऱ्या पाच: उपकारस्मरण, प्रकाशाची विनंती, दिवसाची तासातासाने उजळणी, चुकले त्याची क्षमा, उद्याचा निश्चय. सगळे मिळून १० ते १५ मिनिटे. बिघडते ते दोन ठिकाणी. अंथरुणावर केले की झोप लागते, म्हणून बसमध्येच करा. आणि पहिली पायरी गाळली की बाकीचे नुसते स्वतःला रागावणे होते. उपकार मोघम नकोत: 'चांगला दिवस' असे न म्हणता 'चार वाजता सहकाऱ्याने माझी चूक सगळ्यांसमोर न काढता बाजूला घेऊन सांगितली' असे म्हणा. वहीत रोज एकच ओळ लिहा आणि रविवारी सातही ओळी एकत्र वाचा. एकच माणूस किंवा एकच राग पुन्हा पुन्हा येत असेल तर धडा तिथे आहे, फार शोधू नका.

माझ्या जाऊबाईंना कर्करोग झाला आहे. भेटायला येणारे म्हणतात, 'यातून देव तुला काहीतरी शिकवतो आहे.' त्या गप्प होतात. आम्ही काय बोलावे?
— एक वाचक, सोलापूर

ते वाक्य बोलू नये. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून पापी नव्हती असे येशूने स्वच्छ सांगितले (लूक १३:४-५). संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर सगळे ठीक होते. बिनसले ते त्यांनी तोंड उघडल्यावर, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला (ईयोब ४२:७). आपल्या दुखण्यातून काही शिकायचे की नाही, हे जाऊबाईंनी ठरवावे. त्यांच्या वतीने दुसऱ्याने ते ठरवू नये.

भेट १५ मिनिटांची ठेवा, आधी फोन करा. केमोच्या डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्यांनी जाऊच नये. डबा न्यायचा तर काय चालते ते विचारून न्या. फोडणीच्या वासाने पुष्कळांना मळमळते. प्रार्थना करू का, हेही विचारा. त्या हो म्हणाल्या तर स्तोत्र १३ वाचा. सहाच वचने आहेत, आणि सुरुवात 'परमेश्वरा, कोठवर?' अशी आहे. त्यांना जे म्हणायचे असेल ते त्यात आधीच म्हटलेले असेल.

आमच्या गावठाणात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात. शेते मात्र इमारतींखाली गेली, लोंब्या विकत आणाव्या लागतात. याला अर्थ उरला आहे का?
— एक वाचक, मुंबई

लोंब्या विकत आणल्या तरी हरकत नाही. पण कापणीच्या आज्ञेचा दुसरा अर्धा भाग आपण कधीच सोडून दिला, तो परत घेता येईल. लेवीय २३:२२ सांगते की शेताच्या कडा कापू नका, सरवा (कापणीत मागे पडलेली कणसे) वेचू नका, ते गरीब आणि परदेशी यांच्यासाठी ठेवा. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात आली ती याच हक्काने. किती कडा सोडायची हे तोरात (मोशेच्या नियमशास्त्रात) नाही. पुढे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने किमान माप दिले: साठावा भाग. महिना ३०,००० रुपये पगार असेल तर ५०० रुपये होतात.

रक्कम वेगळी काढणे सोपे आहे. अवघड आहे ते सरव्याचे दुसरे अंग: मालक वाटत नसे, गरजू स्वतः येऊन नेत असे, आणि मालकाचे आभार मानायची गरज नसे. धर्मग्रामाने (पॅरिशने) आगेराच्या दिवशी चर्चच्या व्हरांड्यात तांदूळ, डाळ, तेल यांच्या पिशव्या मांडून ठेवाव्यात. यादी नको, फोटो नकोत, व्यासपीठावरून नावे नकोत. मोजमाप लागतेच, नाहीतर पहिल्या तासात सगळे संपते. म्हणून एका पिशवीत ५ किलो तांदूळ, १ किलो डाळ, १ लिटर तेल, आणि 'एका घराला एक पिशवी' अशी साधी पाटी. पिशव्या रविवारच्या मिस्सापुरत्या (उपासनेपुरत्या) न ठेवता सोमवारी संध्याकाळपर्यंत राहू द्या. रविवारी कामावर जाणाऱ्यांना तरच येता येईल.