उभ्या गाडीचंही वय वाढतं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही जुन्या, विकाऊ गाड्यांचे फोटो काल रात्री चष्मा लावून, मोठे करकरून पाहिले. एक २०१३ ची, सदाशिव पेठेतल्या निवृत्त गृहस्थांची, रनिंग २८,००० किलोमीटर. दुसरी २०१८ ची, औषध कंपनीत फिरतीची नोकरी करणाऱ्याची, ९२,०००. दोन्ही पेट्रोल, दोन्ही फर्स्ट ओनर. पहिलीचा मालक रनिंगच्या जोरावर अडून बसलाय, म्हणून किमतीही जवळपास सारख्याच. तू लिहितेस, "काका, पहिलीच घेते. ती चाललीच नाहीये." या 'चाललीच नाहीये'नेच मला पत्र लिहायला बसवलं. (रनिंगला मायलेज म्हणणं मी मुद्दाम टाळतो. आपल्याकडे मायलेज विचारलं की लोक ॲव्हरेज, म्हणजे लिटरला किती किलोमीटर, ते सांगायला लागतात.)

२८,००० ला बारा वर्षांनी भाग. दिवसाला सहा-सात किलोमीटर. म्हणजे मंडई, बँक, देऊळ आणि परत घरी. इतक्या अंतरात इंजिन धड तापतसुद्धा नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती लांबच्या प्रवासात उडून जाते, इथे आतच थंड होऊन बसते. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला कधीकधी लोण्यासारखा पिवळट चिकटा सापडतो. सायलेन्सरही आतूनच सडत जातो, बाहेरून छान दिसतो.

आता तासांचा हिशेब कर. पेठांतून ताशी पंधराच्या सरासरीने २८,००० किलोमीटर म्हणजे इंजिन साधारण १,८७० तास चाललं. सातारा, कराड, कोल्हापूर असा हायवे करणाऱ्याची सरासरी पन्नास धर, तर ९२,००० ला १,८४० तास. कामाचे तास दोघींचे सारखेच! आणि पेठेतलीचे ते सगळे तास क्लच दाबत, ब्रेक मारत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेलेले. मीटरवर यातलं काहीच दिसत नाही.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नकोस, ठेच लागली म्हणून सांगतोय. गॅरेजमध्ये दहा वर्षं काढलेला माणूस असूनही २००९ मध्ये मी एक अकरा वर्षांची गाडी घेतली, रनिंग फक्त १९,०००. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मी त्या प्लॅस्टिकवरच भाळलो. पहिल्याच मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि बॉनेटमधून वाफेचा लोट. रेडिएटरचा वरचा पाइप फुटला होता. हातात घेऊन दाबला तर वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा कडकडला. तुझी काकू दोन तास दगडावर बसून होती, एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. पुढच्या सहा महिन्यांत ऑइल सील, बुश, एसीचे पाइप, जे जे म्हणून रबरी होतं ते सगळं बदललं. वायरिंग उंदरांनी आधीच कुरतडून ठेवलेलं होतं.

रबराला रनिंग कळत नाही, ऊन कळतं आणि वर्षं कळतात. ब्रेक ऑइल उभ्या गाडीतही हवेतलं पाणी ओढतं. इंजिन ऑइल बदलायला कंपनीच्या पुस्तकात '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं छापलेलं असतं. कमी चालवणारे लोक त्यातला पहिलाच अर्धा वाचतात आणि तेच ऑइल तीन-तीन वर्षं ठेवतात.

पेठेतल्या गाडीच्या टायरचा फोटो मोठा करून बघ. डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे आहेत, ०८१३. म्हणजे २०१३ चा आठवा आठवडा. नक्षी नव्यासारखी आहे, पण कडेला केसासारख्या भेगा दिसतात. या टायरवर मी तुला चाकणपर्यंतसुद्धा जाऊ देणार नाही.

कागदालाही वयच कळतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. २०१३ ची गाडी २०२८ ला आरटीओत पुन्हा तपासणीला न्यावी लागेल. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्कच ५,००० झालंय, वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, आणि मुदत मिळणार पाच वर्षांची. विम्यातही तसंच. पाचव्या वर्षात गाडीची किंमत निम्मी धरतात, मग ती दहा हजार चाललेली असो की लाख. तू विकायला काढशील तेव्हा गिऱ्हाईक आधी पासिंगचं साल विचारेल.

म्हणून ९२,००० वाली डोळे झाकून घे असं नाही. तुझं कोथरूड ते चाकण जाणं-येणं आणि महिन्याकाठी कोल्हापूर धरलं तर वर्षाला अठरा हजार सहज होतील. तीन वर्षांत ती दीड लाखाला टेकेल. क्लच प्लेट, शॉकॲब्सॉर्बर, एखादं बेअरिंग यांचा खर्च येणारच, तो आत्ताच किमतीतून पाडून घे. इंजिनाची मला फारशी धास्ती नाही. वेळेवर ऑइल बदललेली, दोन लाख झालेली पेट्रोल इंजिनं माझ्या हाताखालून न खोलता गेली आहेत.

धास्ती आहे ती मीटर मागे केलेला असण्याची. सर्व्हिसची सगळी बिलं माग आणि तारीख-रनिंग ओळीने लिहून काढ. आकडा कुठे उलटा फिरला की कळेल. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर मात्र चाळीस हजार, असं दिसलं की चहा न पिता उठायचं. विम्याची पॉलिसी बघ. नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुला मिळत नाही. नाव बदललं की चौदा दिवसांत पॉलिसीही तुझ्या नावावर करून घे. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आधी, पैसे नंतर.

एक राहिलंच. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. या दोन्ही गाड्या त्याआधीच्या, तेव्हा कुठलं व्हेरिएंट आहे ते विचार. एबीएस आणि एअरबॅग दोन्ही नसतील तर तिसरी गाडी शोधू, मग रनिंग कितीही असो.

आणि तू सोबत धाडलेली ती रत्नागिरीच्या गाडीची जाहिरात विसरून जा. खाऱ्या हवेत दहा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी रंगाखाली काय लपवते ते डिकीतलं स्टेपनी उचलल्याशिवाय समजत नाही, आणि त्याच्यासाठी कोण एवढं लांब जाणार!

शनिवारी सकाळी सातला मी येतो. औषधवाल्याला सांगून ठेव, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करायची नाही; खोड असेल तर ती थंड इंजिन सुरू होतानाच कळते. पोचल्यावर बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर मला खूण कर.

तुझा,
काका