‘प्रेरित’मधला वारा

प्रश्न असा आला आहे: ‘ख्रिस्ती लोक बायबलला परमेश्वरप्रेरित म्हणतात. म्हणजे प्रेरणादायी, की वेदांसारखं अपौरुषेय? आणि त्यांना एवढी खात्री कशावरून?’

‘प्रेरणादायी’ला आधी रजा देऊ. हल्ली प्रत्येक सत्कारमूर्तीचं भाषण प्रेरणादायी असतं आणि प्रत्येक तिसरा सिनेमा ‘सत्य घटनेवर प्रेरित’ असतो. (घटनेवर आधारित, घटनेने प्रेरित. एवढं तरी पाळा!) प्रेरणादायी म्हणजे वाचणाऱ्याला उभारी देणारं. परमेश्वरप्रेरित हा शब्द मजकूर आला कुठून ते सांगतो. बायबलात वंशावळ्यांची पानंच्या पानं आहेत. ती वाचून कुणाला स्फुरण चढत नाही, पण श्रद्धावंताच्या लेखी तीही तितकीच प्रेरित.

‘प्रेषित’ आणखी वेगळा: प्र + इष्, म्हणजे पाठवलेला. मराठी बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ला हिंदीत ‘प्रेरितों के काम’ म्हणतात, आणि हिंदीवरून उचलणारे तिथेच घसरतात.

आता खरी गंमत. मूळ शब्द बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला (3:16). ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे’ हे ते वचन, आणि त्यातला ग्रीक शब्द ‘थिओप्नेउस्तोस’. थिओस म्हणजे देव. प्नेओ म्हणजे श्वास सोडणं, फुंकणं आणि वारा वाहणंसुद्धा. लॅटिनवाल्यांनी त्याचं ‘इन्स्पिराता’ केलं, म्हणजे आत फुंकलेलं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे बायबल-पंडित वॉरफिल्ड यावर हटून बसले की इथे श्वास आत जात नाही, देवाकडून बाहेर येतो. व्याकरण त्यांच्या बाजूचं आहे, मान्य. त्यांचं ऐकायचं तर आपल्याकडे आयता शब्द आहे: बृहदारण्यक उपनिषदात ऋग्वेद, यजुर्वेद हे त्या महद्भूताचं, म्हणजे परमतत्त्वाचं, ‘निःश्वसित’ (बाहेर सोडलेला श्वास) म्हटले आहेत. मग ‘ईश्वरनिःश्वसित’ म्हणा, ‘प्रेरित’मध्ये श्वास कुठे आहे, असं कुणी विचारेल.

आहे की! प्रेरित म्हणजे प्र + ईर्. ईर् म्हणजे हलवणं, चालना देणं. याच ईर् धातूला सम् लागला की होतो समीर, समीरण. वारा! अमरकोशात वाऱ्याच्या नावांची यादी उघडा. पहिलंच नाव ‘श्वसन’, आणि पुढे त्याच यादीत समीर, जगत्प्राण, समीरण. श्वास आणि वारा आपल्या कोशकाराने एकाच ओळीला बसवलेत. ‘प्रेरित’ निवडणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, देव जाणे. माझ्या मते शब्दाने आपणहून काम केलं.

शिवाय ‘निःश्वसित’ला न जमणारी एक गोष्ट ‘प्रेरित’ला जमते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (1:21) म्हटलंय की माणसं पवित्र आत्म्याने ‘फेरोमेनोइ’ होऊन बोलली, म्हणजे वाहून नेली जात असताना. हेच क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत 27व्या अध्यायात येतं. क्रेत बेटापाशी वादळ प्रेषित पौलाचं तारू ओढून नेतं तिथे. तारू वाऱ्याच्या स्वाधीन, पण खलाशी काही हात बांधून बसलेले नाहीत. ते दोरखंड आवळताहेत, सामान फेकताहेत. माणूस राबतोय, दिशा वाऱ्याची. निःश्वसितात हा खलाशी कुठेच नाही.

म्हणूनच ‘अपौरुषेय’ साफ चूक. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या अपौरुषेयाला कर्ताच नसतो, देवसुद्धा नाही. बायबलाचे लेखक तर पानोपानी दिसतात. येशूचं चरित्र लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की मी शोध घेऊन लिहितोय. पौल करिंथकरांना लिहितो की आणखी कुणाचा बाप्तिस्मा केल्याचं मला आठवत नाही. तीमथ्याला तो त्रोवसात राहिलेला झगा घेऊन यायला सांगतो. 1965 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही हे लेखक खरेखुरे लेखक असल्याचंच म्हटलं. लेखनिक घेऊन बसलेला देव ही कल्पना बऱ्याच ख्रिस्ती पंडितांनाही मान्य नाही.

हो, खात्री कशावरून ते राहिलंच. पहिलं उत्तर वरची दोन वचनंच. यात ग्रंथच ग्रंथाची साक्ष देतो, आणि तीमथ्याच्या पत्रातला ‘शास्त्रलेख’ मुळात यहुद्यांची शास्त्रं, आपण ज्याला जुना करार म्हणतो ती. दुसरं, येशू स्वतः त्या शास्त्रांना देवाचा शब्द मानत असे. येशूवर विश्वास असेल तर हे कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं. तिसरं, जुन्या करारातली, येशूत पुरी झाली असं मानली जाणारी भाकितं: संदेष्टा मीखाच्या पुस्तकातलं बेथलेहेम (येशूचं जन्मगाव), संदेष्टा यशयाच्या 53व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक. यहुदी वाचक हा सेवक म्हणजे इस्राएल समजतात, तेव्हा वाद आहेच. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्याही पुढे केल्या जातात. यशयाची गुंडाळी तोवरच्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षं जुनी, आणि मजकूर बराचसा जुळतो. पण त्यातून नक्कल करणाऱ्यांचा काटेकोरपणा सिद्ध होतो, प्रेरणा नव्हे. ही गल्लत फार चालते.

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन यातल्या कशावरच शेवटचा भार टाकत नाही. ज्या आत्म्याने संदेष्ट्यांच्या तोंडून बोलवलं, तोच वाचणाऱ्याच्या अंतःकरणात साक्ष देतो, हे त्याचं म्हणणं. अविश्वासणाऱ्याला हे वादात पटवता येत नाही, असंही तोच सांगून गेला.